उजवीकडून तिसरी

जुलैमधला रविवार. सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. दार उघडलं तर समोर एक मुलगी उभी. वय पंचविशीच्या आसपास, पाठीवर सॅक, छत्रीतून पाणी ठिबकतंय. "आजी, तुम्ही मला ओळखणार नाही," असं म्हणून तिनं आपल्या आजीचं नाव सांगितलं. मुलीला मी ओळखलं नाही हे खरं, पण तिची मान ओळखली. बोलताना डाव्या खांद्याकडे जराशी कलणारी ती मान माझ्या मैत्रिणीची होती. सहा वर्षं त्या मानेच्या मागे उभी राहून मी नाचले आहे.

मैत्रीण दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं कपाट आवरताना साड्यांखाली एक दोनशेपानी वही सापडली, ती घेऊन ही आली होती. वहीत किराण्याचे हिशेब होते, दोन-चार पत्ते होते आणि मधल्या अकरा पानांवर कुणालाही कळू नये अशी भाषा होती. 'डा. पा. पुढे. धोटा ३. वळ. बघ. गाठ. ७ × ८. थांब!!' शेजारी काड्यामाड्यांची माणसं आणि बाण. मुलीनं वही घरात सगळ्यांना दाखवली. तिच्या वडिलांना वाटलं, आईचं शिवणकामाचं टिपण असेल. ती स्वतः समकालीन नृत्य शिकलेली, तिला शंका आली. जुन्या पत्त्यांतून माझा पत्ता तिनं शोधून काढला.

मी वही हातात घेतली आणि न थांबता वाचून दाखवली. 'बघ' म्हणजे मान खाली घालून सुताकडे बघायचं. 'गाठ' म्हणजे तुटलेला धागा बांधायचा. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मलाही आश्चर्य वाटलं. चाळीस वर्षांत मी हा नाच एकदाही आठवला नव्हता, आणि पाय खुर्चीखाली आपोआप हलायला लागले होते.

थोडं मागचं सांगायला हवं. १९७६ ते १९८१ या काळात मी मुंबईतल्या एका नृत्यसंचात होते. तेव्हा अशा कार्यक्रमांना बॅले म्हणत. पायाच्या चवड्यांवर उभं राहण्याच्या पाश्चात्त्य बॅलेशी त्यांचा काही संबंध नसे. रामायण, शिवचरित्र, कोळी नाच, पंचतंत्र असं सगळं त्यात असायचं. आमचे गुरू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, हे उदय शंकरांच्या एका शिष्याकडे तयार झालेले. त्यांनी गिरणीवर एक नऊ मिनिटांचा नाच बसवला होता. कार्यक्रमपत्रिकेत त्याला भारदस्त संस्कृत नाव होतं, आम्ही नुसतं 'गिरणी' म्हणायचो. सात-सातच्या दोन ओळी, अंगावर साध्या सुती साड्या आणि सदरे. मैत्रीण पुढच्या ओळीत, मी मागच्या ओळीत उजवीकडून तिसरी. शेवटचा प्रयोग १९८१च्या डिसेंबरात झाला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि माणसं उपाशी असताना गिरणी नाचून टाळ्या घेणं दादांना पटेना. संप मिटल्यावर बघू, म्हणाले. तो संप रीतसर मिटला असं कुणालाच म्हणता येत नाही. पुढे दादाही गेले. एका संस्थेनं कधीतरी आमचं चित्रण करून ठेवलं होतं. नव्वदीत मी तिथं चौकशीला गेले, तेव्हा टेप महाग असल्यानं तिच्यावर दुसरं काहीतरी घेतल्याचं कळलं. त्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मीही फारशी रागावले नाही, तेव्हा घरात दोन शाळकरी मुलं होती आणि नाच मागे पडला होता.

"आजी, मला हा नाच बसवायचाय," मुलगी म्हणाली.

मी हसले. बसवणार कशावर? भरतनाट्यम् किंवा कथक असतं तर गोष्ट वेगळी. तिथं अडवू आहेत, तत्कार आहे, एखादी रचना विसरली तरी ती ज्या अक्षरांत लिहिली ती अक्षरं शेकडो जणांना येतात. गाण्यातही तसंच. उस्तादांनी उराशी धरलेल्या बंदिशी भातखंड्यांनी घरोघर हिंडून मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पण छापील बंदिश हाती आली की राग माहीत असलेला माणूस ती निदान उभी तरी करू शकतो. समकालीन म्हणवणाऱ्या नाचाची अडचण अशी, की प्रत्येक रचनाकार आपली अक्षरंसुद्धा स्वतःच घडवतो. तो गेला की नाच जातो आणि नाचाची भाषाही जाते.

याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण उदय शंकरच. लंडनला चित्रकला शिकायला गेलेला हा माणूस. कुठल्याही एका शास्त्रीय परंपरेत रीतसर वाढलेला नाही. त्यानं लेण्यांतली शिल्पं पाहिली, लोकनृत्यं पाहिली, आणि स्वतःची चाल शोधून काढली. तीसच्या दशकाच्या अखेरीस अल्मोड्याला त्यांचं केंद्र सुरू झालं. शंकरन नंबुद्री कथकलीला, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संगीताला, झोहरा सेहगल शिकवायला, शिकणाऱ्यांत गुरुदत्त. पण चार-पाच वर्षांत पैशाअभावी केंद्र बंद पडलं. मग उदय शंकरांनी आपला सगळा नाच एका चित्रपटात ओतला. 'कल्पना', १९४८. पडद्यावर तो चालला नाही. आज मात्र त्यांचा नाच कसा होता हे बघायचं तर 'कल्पना'च बघावा लागतो. दुरुस्त केलेली प्रत २०१२ साली कानच्या महोत्सवात दाखवली, तेव्हा नायिका अमला शंकर ब्याण्णव वर्षांच्या होत्या आणि स्वतः हजर होत्या. त्या गेल्या २०२० साली, एकशे एकाव्या वर्षी. 'कल्पना' मी दोनदा पाहिला आहे. त्यात यंत्रांचा एक प्रवेश आहे. तो पाहताना दादांच्या 'गिरणी'चं बी कुठून आलं हे लख्ख कळतं. पण नुसता चित्रपट बघून त्यातलं एक पाऊलही मला टाकता आलं नसतं. पाऊल दिसतं, पण वजन कुठल्या पायावर आहे ते दिसत नाही.

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच तर तुमच्याकडे आले. पडदा नाही, तुम्ही आहात."

बिनतोड बोलते.

तालमी सुरू झाल्या त्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, गुरुवारी दुपारी, बायकांचं भजन सुटल्यावर. तिनं आणखी सहाजणी आणल्या. कुणी भरतनाट्यम् केलेली, कुणी हिपहॉप, एक योगशिक्षिका. जमिनीवर पडणं, लोळणं, दुसरीच्या पाठीवरून घरंगळणं त्यांना अगदी सहज जमतं. त्यांना न जमणारी गोष्ट म्हणजे सगळ्यांनी मिळून एकसारखं नाचणं. दादांच्या तालमीत आम्हाला त्याखेरीज दुसरं काही यायचंच नाही.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. मी आठ मात्रा मोजत होते, मुलगी वहीवर बोट ठेवून सात. "इथं सात लिहिलंय, आजी." मी म्हटलं, "तुझी आजी लयीत कच्ची होती गं." आणि हे मी काही चिडून म्हटलं नव्हतं. सहा वर्षं माझी प्रामाणिक समजूत होती की पुढच्या ओळीतल्या बायका घाई करतात. समेवर कशाबशा पोचतात खऱ्या, पण मध्ये सगळा गोंधळ. दादा त्यांना काही बोलत नाहीत याचा मला तेव्हा रागही यायचा.

नाशिकला आमच्या संचातले एक गृहस्थ असतात, वय शहात्तर, पुढच्या ओळीच्या डाव्या टोकाला नाचायचे. त्यांना फोन लावला. ते फोनवर खो खो हसले. म्हणाले, "अहो, आमची सातच होती. तुमची आठ होती होय? तरीच आम्हाला वाटायचं, मागच्या ओळीच्या बायका रेंगाळतात!"

मग उलगडा झाला. पुढची ओळ सातची आठ आवर्तनं करायची, मागची आठची सात. छप्पन्न मात्रा झाल्या की दोन्ही ओळी एका ठिकाणी येतात, आणि तिथंच हार्मोनियमचा भाता पुरा उघडून दोन पट्ट्या एकदम दाबत, तो गिरणीचा भोंगा. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. वहीतली 'थांब!!' पुढची दोन उद्गारचिन्हं तीच. तोपर्यंत साचे एकमेकांशी जुळत नाहीत, खडखडत राहतात. म्हणून तर तो नाच प्रेक्षकांना खरा वाटायचा. दादा दोन्ही ओळींच्या तालमी वेगवेगळ्या दिवशी घेत. एकत्र तालमीत तोंडानं मोजायची बंदी होती. आम्हा चौदा जणांपैकी एकालाही तो अख्खा नाच माहीत नव्हता. माझ्याकडे अर्धा होता, मैत्रिणीच्या वहीत अर्धा, आणि ती जिवंत असेपर्यंत आम्ही दोघींनी हे अर्धे कधी जोडून पाहिले नाहीत. लग्नकार्यात भेटायचो, साड्यांबद्दल बोलायचो.

संचानं नाचायच्या रचनांचं हे असंच असतं. त्या टिकवायच्या तर अख्खा संच टिकवावा लागतो. याही बाबतीत एक जुनं उदाहरण मुंबईचंच आहे. अल्मोड्याला शिकवलेले शांती बर्धन पुढे अंधेरीला इप्टाच्या मध्यवर्ती पथकात आले आणि १९५२ साली त्यांनी लिटल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या 'रामायणा'त मुखवटे घातलेली माणसं लाकडी कठपुतळ्यांसारखी नाचतात. क्षयानं पोखरलेला हा माणूस १९५४ साली गेला. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी सहकाऱ्यांना घेऊन संच चालवला. मुंबईहून ग्वाल्हेर, तिथून भोपाळ. राम बदलले, सीता बदलल्या, 'रामायण' चालू राहिलं. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. नवऱ्याच्या मागे छप्पन्न वर्षं त्यांनी ते सांभाळलं. मला वाटतं, मुखवट्यांचीही थोडी मदत झाली असेल. चेहराच झाकलेला असला की आधीच्या सीतेची सय कुणाला येणार? आमच्या 'गिरणी'त मात्र चेहरे उघडे होते.

दुसरी अडचण धाग्याची आली. मागच्या ओळीत एक हालचाल आहे. वाकायचं, डोळे बारीक करून तुटलेला धागा हुडकायचा, दोन बोटांत धरायचा, गाठ मारायची, हात मागे घेऊन साचा पुन्हा सुरू करायचा. मुली ते फारच सुंदर करायला लागल्या. हात असा पाण्यातून काढल्यासारखा. मला काहीतरी खटकत होतं पण नेमकं सांगता येईना. शेवटी घरून सुईदोरा आणला, चष्मा काढून ठेवायला लावला आणि सगळ्यांना ओवायला सांगितला. पाच मिनिटं हॉलमध्ये चिडीचूप. खांदे वर, मान पुढे, ओठ दाबलेले. "हं, आता हेच करा," म्हटलं. दादा आम्हाला एकदा लालबागला गिरणीच्या फाटकाशी घेऊन गेले होते, पाळी सुटताना. नुसतं उभं केलं होतं तासभर. नंतर म्हणाले, तुम्ही यंत्र नाचताय, मला यंत्रासमोरचा माणूस हवाय. वहीतलं 'बघ' हे एवढंसं अक्षर त्या तासाभराचं होतं.

पण त्या दिवशी तालीम संपल्यावर मुलगी म्हणाली, "आजी, राग मानू नका. मी साचा पाहिलेला नाही. लालबागला गेले तर टॉवर आणि मॉल दिसतात. मी गिरणी का नाचायची? तुमची आठवण म्हणून?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढच्या गुरुवारी तीच लॅपटॉप घेऊन आली. तिचंही उत्तर तयार झालेलं नव्हतं, पण तिनं मला जे दाखवलं त्यानं मी पुरते दोन दिवस अस्वस्थ होते.

जर्मनीत वुपरटाल नावाचं शहर आहे. तिथं पिना बाऊश या बाईंनी १९७८ साली 'कॉन्टाक्टहोफ' नावाची रचना केली. एक जुनाट नाचघर, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, झुळझुळीत झगे घातलेल्या बायका, सुटाबुटातले पुरुष. एकेक जण पुढे येऊन प्रेक्षकांना दात दाखवतो, हात दाखवतो, मुलगी बघायला आलेल्यांसमोर उभं करावं तसा. पुरुष एका बाईला हळुवार स्पर्श करू लागतात, नाक, गाल, केस, आणि बघता बघता ते कुरवाळणं छळ होऊन जातं. २००० साली बाऊशबाईंनी हीच रचना पासष्टीच्या पुढच्या माणसांकडून करून घेतली. धंदेवाईक नर्तक नव्हेत, गावातलीच साधी माणसं. २००८ साली हीच रचना चाळीसेक शाळकरी मुलांकडून. बाऊशबाईंच्या दोन जुन्या नर्तिका, जो ॲन एंडिकॉट आणि बेनेडिक्ट बिये, मुलांना शिकवत होत्या. त्या तालमींवर माहितीपट निघाला आहे. स्पर्श करायचा म्हटल्यावर लाजणारी, कधी नाच न केलेली पोरं त्यात दिसतात. पावलं तीच, झगे तसलेच. पण पन्नाशीतल्या बाईनं दात दाखवणं वेगळं, पंधरा वर्षांच्या मुलीनं दाखवणं वेगळं, आणि ज्यांचे दात पडायला आलेत त्यांनी दाखवणं तर वेगळंच. बाऊश २००९ साली गेल्या. २०२४ साली मूळ संचातली काही मंडळी, आता सत्तरीच्या घरातली, पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. मेरिल टँकार्ड या त्यांच्यातल्याच एकीनं तो प्रयोग बसवला. मागे पडद्यावर १९७८चं चित्रण, त्यात त्यांचीच तरुण शरीरं नाचताहेत, आणि जे गेले ते फक्त पडद्यावर, पुढे त्यांची जागा मोकळी.

ती मोकळी जागा बघताना मला मैत्रिणीची मान आठवली. मुलीला म्हटलं, बंद कर जरा.

दुसरं तिनं दाखवलं ते सेनेगलमधलं. बाऊश यांचं 'राइट ऑफ स्प्रिंग', १९७५ सालचं. स्ट्राव्हिन्स्कीचं संगीत, रंगमंचभर पसरलेली माती, एक लाल झगा हातोहात फिरतो आणि ज्या मुलीच्या अंगावर तो चढेल तिनं मरेपर्यंत नाचायचं. ही रचना आफ्रिकेतल्या चौदा देशांच्या नर्तकांना शिकवली गेली, जर्मेन अकोनी यांनी सेनेगलमध्ये समुद्राकाठी काढलेल्या शाळेत. शिकवायला पुन्हा एंडिकॉट आणि बाऊश यांच्या संचातले इतर. वेगवेगळ्या तालमींतून आलेली ही पोरं, कुणी पारंपरिक नाचातली, कुणी रस्त्यावरच्या. २०२० सालच्या मार्चमध्ये दौऱ्यावर निघायची वेळ आली आणि करोनानं जग बंद पडलं. घरी पांगण्यापूर्वी त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर, संध्याकाळच्या उजेडात, वाळूतच अख्खा नाच केला आणि कुणीतरी तो चित्रित करून ठेवला. दौरा नंतर २०२१ साली निघाला. त्या वाळूतल्या नाचात कुणी जर्मन दिसायचा प्रयत्न करत नाही. वाळू पायाखालून सरकते, तोल जातो, पुन्हा सावरतो, आणि भीती मात्र खरी दिसते. युरोपातल्या जुन्या बळीच्या कथेशी या मुलांचा काय संबंध, असं विचारायचं भानच राहत नाही.

मुलीनं लॅपटॉप मिटला. "त्यांनी माती त्यांची घेतली," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं मला तिच्या कामाबद्दल सांगितलं. एका सामानपोच कंपनीच्या कोठारात ती पाळीनं काम करते, रात्री डब्यांवरच्या चिठ्ठ्या तपासते. चौघी अशाच कुठल्या कुठल्या पाळ्यांमधून तालमीला येतात. भोंगा नसतो, मोबाइल थरथरतो, इतकंच. मला वाटत होतं, या मुलींना पाळी म्हणजे काय हे माहीत नसणार. बहुधा मीच विचारलं नव्हतं.

तरीही सगळ्याच गोष्टी पुढे न्याव्यात असं मला वाटत नाही, आणि हे मी तिला बोलूनही दाखवलं. अमेरिकेचे मर्स कनिंगहॅम हे या बाबतीत मला फार शहाणे वाटतात. १९६४ साली त्यांचा संच भारतातही येऊन गेला होता. नाच आणि संगीत वेगवेगळं तयार करून थेट रंगमंचावर एकत्र आणायची त्यांची रीत, त्यामुळे त्यांच्या नर्तकांना लय आपल्या अंगातच बाळगावी लागे. नव्वदाव्या वर्षी, २००९ साली, ते गेले. त्याआधीच ठरवून ठेवलं होतं: संचानं दोन वर्षं जगभर शेवटचा दौरा करायचा आणि मग संच बंद. ३१ डिसेंबर २०११च्या रात्री न्यूयॉर्कला शेवटचा प्रयोग झाला आणि खरोखरच दुकान बंद केलं. रचनांची चित्रणं, टिपणं, पोशाखांचे नि प्रकाशयोजनेचे आराखडे नीट बांधून विश्वस्तांकडे ठेवले, ज्याला नाचायचं त्यानं मागावं. शिकवायला जुने नर्तक येतात. मार्था ग्रॅहॅम १९९१ साली गेल्या, तेव्हा अशी काही व्यवस्था नीट नव्हती. त्यांचे नाच कुणाच्या मालकीचे यावर वारस आणि संस्था कोर्टात गेले. २००२ साली न्यायाधीशांनी बहुतेक रचना संस्थेच्या ठरवल्या. काही काळ त्यांच्याच कंपनीला त्यांचे नाच नाचता येईनात. इस्टेटीचं भांडण घराघरांत असतं, पण पावलांची वाटणी करायची म्हणजे काय करायचं?

आपल्याकडे इतकं कुणी लिहून ठेवत नाही. आपल्याच वाड्याला जन्मलेल्या चंद्रलेखा २००६ साली गेल्या. 'शरीर' ही त्यांची २००१ सालची शेवटची रचना तिशानी दोशी आणि शाजी जॉन ही जोडी त्यांच्यामागेही कित्येक वर्षं करत राहिली. म्हणजे बाई गेल्यावर त्यांची रचना त्या दोन शरीरांत राहिली. दोन शरीरं म्हणजे फार थोडी जागा झाली.

'गिरणी' तर आता कुठं कुठं पडली होती! वहीत, नाशिकला, माझ्या खुर्चीखालच्या पायांत. दादांनी स्वतःच ती थांबवली होती. त्यांना ती पुन्हा झालेली चालली असती का? नाशिकच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "संप मिटल्यावर बघू, असं म्हणाले होते ना? मग बघू या की." आमच्या संचात सगळ्यांत कमी बोलणारा हा माणूस होता.

आता माझ्या गुडघ्याची गोष्ट. ही सांगायची नाही असं मी ठरवलं होतं.

भोंगा वाजतो, सगळे थांबतात, आणि मग मागची ओळ एकदम डावीकडे वळून घराकडे चालू लागते. त्या वळण्यात आमच्या ओळीत एक लाट येते. डावीकडचे आधी वळतात, मग एक मात्रा जाते, मग उजवीकडचे. जणू बाकीचे निघाले तरी तिघींना अजून साच्याकडे बघावंसं वाटतंय. नाशिकच्या गृहस्थांनी फोनवर या जागेची फार तारीफ केली. मुलींनाही तीच जागा सगळ्यांत आवडली. माझी विद्यार्थिनी, माझ्या जागेवर, उजवीकडून तिसरी नाचते, ती त्या मात्रेवर इतकी जीव लावून थांबते की बघवत नाही.

ती मात्रा दादांनी बसवलेली नव्हती. १९७९ साली माझा डावा गुडघा सुजला होता. सांगितलं तर जागा जाईल म्हणून मी सांगितलं नाही. वळताना वजन उजव्या पायावर घ्यायला एक मात्रा उशीर व्हायचा. माझ्या उजवीकडच्या दोघी मला बघून वळत, त्याही उशिरा वळू लागल्या. गुडघा सहा महिन्यांनी बरा झाला, उशीर तसाच राहिला. दादांनी तो पाहिला असेल का? पाहिल्याशिवाय राहिले नसतील. ते काही बोलले नाहीत एवढं मात्र खरं. आवडला म्हणून बोलले नाहीत, की तिसऱ्या बाईकडून यापेक्षा अधिक होणार नाही म्हणून, हे आता कुणाला विचारू?

गेल्या गुरुवारी मी ते सांगून टाकलं. सगळ्यांसमोर नव्हे, तिला एकटीला, चहा पिताना. म्हटलं, ते मूळचं नाही, माझ्या दुखण्याचं आहे. काढून टाक, आणि सगळ्यांना एकदम वळव, दादांनी सांगितलं होतं तसं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. कपातला चहा निवला. मग उठून हॉलच्या मध्यभागी गेली, तोंडानं भोंगा वाजवला, आणि दोनदा वळून बघितलं. एकदा वेळेवर, एकदा उशिरा.

"राहू दे," म्हणाली. "पण मी गुडघ्यासाठी नाही थांबणार."

"मग कशासाठी?"

"ते अजून बघतेय."

मग सॅक उचलली. तिची रातपाळी आठला सुरू होते, दादरहून सातची गाडी चुकली की उशीर होतो. जाताना वही माझ्याजवळच ठेवून गेली. आठ-आठचा भाग मी त्यात लिहून काढायचा आहे, आणि नाशिकचे गृहस्थ महिनाअखेरीस येणार आहेत, त्यांच्यासाठी बिनजिन्याची जागा बघायची आहे.